आजीच्या हरिपाठावर भरलेली गाणी

कॅसेटच्या पाठीवर लावलेला सेलोटेप माझाच होता. पिवळा पडलेला, कडांना धूळ धरलेला, आणि एका टोकाला दातांनी तोडल्याची वेडीवाकडी रेघ. बारा वर्षांची असताना मी सगळं दातांनीच तोडायची.

ज्यांनी कॅसेटी हाताळल्यात त्यांना हा सेलोटेप कशासाठी ते लगेच कळेल. कॅसेटच्या पाठीवर दोन्ही टोकांना प्लास्टिकची एकेक छोटी टिकली असते. ती मोडून टाकली की त्या बाजूवर पुन्हा काही भरता येत नाही, रेकॉर्डचं बटण खाली जातच नाही. जे जपायचं त्याची टिकली मोडायची, अशी रीत. आणि मोडलेल्या जागेवर सेलोटेप चिकटवला की बटण परत खाली जातं, ही शाळेतल्या मुलामुलींना ठाऊक असलेली युक्ती. आमच्या आजोबांनी १९९१ साली टिकली मोडली होती. मी १९९६ च्या मे महिन्यात तिच्यावर सेलोटेप लावला.

त्या कॅसेटवर आजीचा हरिपाठ होता.

आत्याचे यजमान रेल्वेत, बदली भुसावळला. आत्याला माहेरचा संध्याकाळचा हरिपाठ आठवून तिकडे करमेना, म्हणून आजोबांनी फलटणच्या घरी टू-इन-वनवर, म्हणजे रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकत्र असलेल्या यंत्रावर, आजीकडून तो म्हणवून घेतला, साठ मिनिटांच्या कॅसेटवर भरला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती भुसावळला पाठवला. म्हणजे कॅसेट आत्याची. सुट्टीत ती माहेरी आली की कॅसेटही बरोबर असायची. त्या मे महिन्यात ती टू-इन-वनशेजारीच पडलेली होती, आणि मला कोरी कॅसेट हवी होती, तीही आत्ताच्या आत्ता, कारण केबलवर सात वाजता पॉप गाण्यांचा कार्यक्रम लागायचा.

ते वेड आता समजावून सांगणं अवघड आहे. अलीशा चिनॉयचं 'मेड इन इंडिया' १९९५ ला आलं, त्या व्हिडिओत आपला मिलिंद सोमण होता, आणि आमच्या वर्गात दुसरा विषय नव्हता. मग १९९६ ला लकी अली. सिनेमातली नसलेली, आपल्या इथल्या माणसांनी आपल्यासाठी म्हटलेली गाणी, असं आम्हाला वाटायचं. विकतची कॅसेट घरी मागायची सोय नव्हती. म्हणून टीव्हीसमोर स्टूल, स्टुलावर टू-इन-वन, त्याच्या अंगातल्या माईकचं तोंड टीव्हीच्या स्पीकरकडे, आणि घरात हुकूम: अर्धा तास कोणी बोलायचं नाही. देवघर त्याच खोलीला लागून. आजी दिवा लावून बसत होती. तिलाही मी सांगितलं, "आजी, तू जरा थांब ना, माझं भरून होऊ दे." ती म्हणाली, "भर की. मी हळू म्हणते."

दोन दिवसांनी आत्याने कॅसेट लावली आणि आतून गिटार वाजली. ती मला रागावली नाही. "असू दे, आई आहे की इथंच," एवढंच म्हणाली, आणि बटण बंद केलं. आजी १९९९ ला गेली.

यंदा कार्तिकात आत्याला पंच्याहत्तर पूर्ण होणार होती. आमच्या घरात चमत्कारिक भेटी देणारी म्हणून मी ओळखली जाते. भावाला मी त्याच्या शाळेच्या मैदानातली माती बरणीत घालून दिलेली आहे, आईला तिच्या वीस वर्षांच्या वाणसामानाच्या याद्या शिवून वही करून दिलेली आहे. मला साडी आणायला जमत नाही असं नाही, पण एखाद्या माणसापुरतीच असेल अशी वस्तू शोधण्यात मला खरंच आनंद होतो, महिनेच्या महिने मी त्यात घालवते. आत्यासाठी काय ते मला एकोणतीस वर्षं माहीत होतं. धीर होत नव्हता. श्रावणात फलटणच्या घराची माळवदाखालची खोली आवरताना ती कॅसेट सापडली, तेव्हा पर्याय उरला नाही.

लगेच लावून बघायचा मोह आवरला, ते बरं झालं. कॅसेटच्या खिडकीतून फितीच्या कडेवर पांढरट बुरशी दिसत होती. आत फीत जिथे यंत्राच्या हेडला, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागाला, टेकते तिथे तांब्याच्या पट्टीवर नमद्याचा एवढासा चौकोनी तुकडा असतो. तो फितीला मागून दाबून धरतो, म्हणून आवाज स्वच्छ येतो. इथे त्याचा डिंक वाळून तुकडा निसटला होता आणि कॅसेट हलवली की आत खडखडत होता. अशी कॅसेट यंत्रात घातली तर आवाज दबका येतो, आणि वर रीळ गुंतायची भीती.

पुण्यात माझ्या ओळखीचे एक टेप दुरुस्त करणारे काका आहेत. दुकान बंद केलंय, पण घरच्या बाल्कनीत अजून हत्यारं आहेत. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "आत काय आहे?" मी म्हटलं, आजी. त्यांनी हात धुतले, टेबलावर पांढरा टॉवेल पसरला आणि मग कॅसेटला हात लावला. पाच स्क्रू: चार कोपऱ्यांत, एक मधोमध. वरचं कवच उचललं तेव्हा मी पहिल्यांदा ती फीत एवढ्या जवळून पाहिली. पावणेचार मिलिमीटरच्या आसपास रुंदी, रंग कॉफीसारखा तपकिरी. फिलिप्सने १९६३ ला ही कॅसेट काढली तेव्हापासून वेग ठरलेला आहे, सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये एका बाजूला तीस मिनिटं, म्हणजे साधारण ८६ मीटर फीत. आजीच्या दर श्वासाला वीतभर फीत पुढे सरकली असणार, असं मनात आलं.

काकांनी दोन्ही चकत्या उचलून दुसऱ्या, चांगल्या कवचात बसवल्या. जुन्या कॅसेटी ते याच कामासाठी जपून ठेवतात. फीत एके ठिकाणी चुरगळलेली होती, तिथे त्यांनी मऊ कापडावर ती बोटाने सरळ केली. तुटली असती तर सांधायला वेगळी टेप मिळते, साधा सेलोटेप लावायचा नाही, त्याचा चिकटा पाझरतो आणि पुढच्या वेढ्याला धरतो, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. बहुतेक जुन्या कवचाच्या पाठीवरचा माझा सेलोटेप त्यांनी पाहिला होता. मग नटराज पेन्सिल भोकात घालून हळूहळू सगळी फीत एकदा या टोकाहून त्या टोकाला फिरवली आणि परत. वर्षानुवर्षं आवळून बसलेले वेढे मोकळे व्हायला हवेत. हे करायला पाऊण तास लागला आणि त्या पाऊण तासात आम्ही जवळजवळ बोललो नाही.

वाजवायचं यंत्र काकांचंच. हेड आणि रबरी चाक त्यांनी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं, कापसाचा बोळा तपकिरी निघायचा थांबेपर्यंत. त्यानंतर हेडशेजारचा एक छोटा स्क्रू. ज्या यंत्रावर भरलं त्याचं हेड आणि ज्यावर वाजवायचं त्याचं हेड, दोन्हींचा कल सूतभर वेगळा असतो. स्क्रू केसभर फिरवला की घोंगडीखालून येणारा आवाज घोंगडीबाहेर येतो. शब्दांतले स, श, च आधी दिसेनासे झालेले असतात, ते परत येतात. काका डोळे मिटून स्क्रू फिरवत होते. फितीवर तेव्हा माझं पॉप गाणं चालू होतं, आणि झांज अचानक छन्न करून उमटली.

लॅपटॉपवर ऑडॅसिटी हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर घातलं होतं. पूर्ण बाजू एकदाच, न थांबवता, काही साफसफाई न करता उतरवून घेतली, सेकंदाला ४४,१०० नमुने, १६ बिट. तीस मिनिटांची फाईल तीनशे एमबीच्या वर गेली. जी काय कापाकापी ती नंतर, या मूळ फाईलच्या प्रतीवर करायची. ज्यांच्या घरी अशा कॅसेटी पडून आहेत त्यांना माझं एवढंच सांगणं आहे: पहिलं वाजवणं हेच उतरवून घेणं असू द्या. दुसऱ्यांदा फीत वाजेल याचा भरवसा नसतो.

घरी येऊन ऐकायला बसले. पहिली साधारण बावीस मिनिटं माझी गाणी. मग खटका, आणि त्यापुढे सात मिनिटं आजी. माझा कार्यक्रम संपला, मी बटण दाबलं, म्हणून शेवटचे अभंग वाचले होते. मला एवढ्याचीच आशा होती आणि ती पुरी झाली. रडू आलं, ते आवरलं, आणि त्या सात मिनिटांवर काम करून पेन ड्राइव्ह द्यायचा असं ठरवलं. बावीस मिनिटं कापून टाकणार होते.

कापायच्या आधी एकदा इअरफोन लावून ऐकली. पहिलं गाणं संपलं. ते एकदम संपत नाही, लांब जात जात विरतं. आवाज विरत गेला तशी मागची खोली वर यायला लागली. पंख्याची घरघर. कुठेतरी भांडं. आणि एक बाई काहीतरी म्हणतेय. चार सेकंद. मग पॉजचा टक्क आवाज, पुढचं गाणं.

हे कसं होतं ते काकांनी फोनवर सांगितलं. त्या काळच्या टू-इन-वनमध्ये भरताना आवाजाची पातळी आपोआप सांभाळणारी सोय असायची. समोर मोठा आवाज असला की यंत्र कान झाकून घेतं. आवाज कमी झाला की ते कान टवकारतं, जे मिळेल ते ओढून मोठं करतं. गाणं चालू असताना देवघरातलं काही ऐकू यायची शक्यता नव्हती. पण दोन गाण्यांच्या मधल्या फटीत, जाहिरात लागायच्या आत मी पॉज दाबेपर्यंतच्या त्या तीन-चार-सात सेकंदांत, यंत्राने पूर्ण कान उघडून खोली ऐकली होती. आजी थांबली नव्हती. म्हणाली होती तसं, हळू म्हणत होती.

मी तिचा हरिपाठ पुसत होते त्याच वेळी तो दुसऱ्यांदा भरला जात होता.

अशा सहा फटी सापडल्या. मिळून जेमतेम अर्धं मिनिट.

आता ती काय म्हणतेय हे लावायला हवं होतं. अक्षरं ओळखू येईनात. चालीचा झोका कळे, शब्द नाही. ज्ञानदेवांच्या हरिपाठाचे सत्तावीस अभंग, लहानपणी मला त्यातले दोन यायचे. पोथी समोर ठेवून ऐकून पाहिलं, जमेना. डोळा ओळ शोधेपर्यंत चार सेकंद संपलेली असत. मग कळलं की हे कागदावरून व्हायचं नाही, मला तो पाठच हवा. पाठ असलेली गोष्ट कान आपोआप ओळखतो, जसं बसच्या गोंगाटात आपलं नाव ऐकू येतं.

म्हणून हरिपाठ पाठ करायला घेतला. दोन दिवसांना एक अभंग. तळजाईच्या टेकडीवर सकाळी फिरायला जाते तिथे, चढताना नवा अभंग, उतरताना मागचे सगळे. सुरुवातीला मी कविता पाठ करतात तशी करत होते, अर्थाला धरून, आणि अडखळत होते. मग पावलाला धरलं. हा मोठा अभंग, एका ओळीत सहा अक्षरं, सहा अक्षरं, पुन्हा सहा, आणि शेवटी चार. पहिले तीन तुकडे चालत्या पावलावर जातात आणि चौथ्याला दोन अक्षरं कमी पडतात, तिथे श्वास मिळतो. ती जागा मुद्दाम सोडल्यासारखी आहे. चढावर दम लागला असताना ती फार जाणवते. आळंदीपासून पंढरपूरपर्यंत चालणाऱ्यांच्या तोंडी हे कसं टिकलं असेल, ते मला तळजाईच्या चढावर पटलं. फलटणला माउलींची पालखी मुक्कामाला यायची, आधी तरडगावजवळ चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण व्हायचं, आम्ही मुलं ते बघायला जायचो. तेव्हा घोडा बघितला, हे ऐकलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट पाठ करताना झाली, तिचा भेटीशी संबंध नाही पण लिहिते. संध्याकाळी सात वाजता मला चुकल्यासारखं व्हायला लागलं. देवाधर्माचं मी फार काही करत नाही. पण त्या वेळेला ओट्याशी उभी राहून कणीक मळताना तोंडात पहिला अभंग आपोआप यायला लागला, आणि मळणं त्याच्या तालात. नवरा म्हणाला, पोळ्या बऱ्या होतायत हल्ली.

एकविसाव्या अभंगापर्यंत पोचले तेव्हा पहिली फट उलगडली. आधी कितीदा ऐकलेले तेच चार सेकंद, आणि एकदम शब्द समोर उभे: तिसऱ्या अभंगातली ओळ, मधूनच सुरू होणारी, शेवटची चार अक्षरं आणि श्वास. मग भराभर. दुसरी फट सहाव्यात. तिसरी फट दोन अभंगांच्या मधली, तिथे ती ध्रुपद घोळवत होती. चौथी अकराव्यात. पाचवीत पंख्याशिवाय काही लागेना, ती बहुतेक थांबली असावी, वात सारली असेल. सहावी सतराव्यात. आजी टीव्हीच्या पाठीमागे, आपल्या आपण, क्रमाने पुढे पुढे चालली होती. त्या वेळी मी कुठे होते, तर स्टुलाशेजारी मांडी घालून, पॉजवर बोट ठेवून.

आता गाणी कापायचा प्रश्नच नव्हता. आवाज वेगळे करणारी नवी साधनं निघाली आहेत, त्यातलं एक वापरून पाहिलं. गाणं गेलं, पण आजीचा आवाज पाण्याखालून बुडबुडे यावेत तसा झाला. ऑडॅसिटीत फितीची सळसळ काढायची सोय आहे. नुसती सळसळ असलेला तुकडा दाखवायचा, मग ते सगळीकडची तशी सळसळ कमी करतं. तेही जास्त ओढलं की तोच पाण्याखालचा आवाज. मी अगदी थोडं केलं आणि थांबले. सळसळ असू दे, ती त्या खोलीचीच आहे.

राहिला वेग. आजीचा आवाज मला आठवतो त्याहून जाड वाटत होता. मोटर थोडी जलद फिरत असताना भरलं आणि ठरल्या वेगाने वाजवलं तर आवाज जाडा, संथ येतो. हळू फिरताना भरलं तर उलट, बारीक. किती फरक आहे ते कसं काढायचं? एक उपाय वाचला होता. विजेवर चालणाऱ्या यंत्रात भरताना विजेची बारीक गुणगुण उतरते, आपल्याकडे ती सेकंदाला पन्नास कंपनांची. फितीवरची गुणगुण पन्नासहून कमी भरली तर तेवढा वेग वाढवायचा. पण १९९६ च्या आपल्या गावाकडच्या संध्याकाळी! तेव्हा सगळ्यांचे दिवे एकदम लागले की विजेचे पन्नास पन्नास राहत नसत, खाली घसरत. त्या मापावर आजीचा आवाज सोपवायला मन घेईना.

मग सुचलं की बरोबर माप फितीवरच आहे, माझं पॉप गाणं. ते आज कुठेही ऐकता येतं, मूळ सुरात. मी आजचं गाणं लावलं आणि पेटीवर त्याचा षड्ज धरला. मग कॅसेटवरचं लावलं. तो सूर पेटीत सापडेना, दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी पडत होता. दोन्ही गाण्यांचा एकच तुकडा घेऊन लांबी मोजली: कॅसेटवरचा चार टक्के लांब. अर्ध्या स्वराला काही कमी. सगळ्याच गाण्यांना तोच फरक. मी सगळ्या फाईलचा वेग तेवढा वाढवला, गाणं पेटीवर नेमकं बसलं, आणि पुढच्या फटीत आजी बोलली ती माझ्या ओळखीची आजी होती. त्या वेळी मी खुर्चीवरून उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या. ज्या गाण्यांनी तिचा आवाज पुसला त्यांनीच तिचा सूर परत लावून दिला होता.

पेन ड्राइव्ह द्यायचा बेत तोवर गेला होता. आत्याला फोनवर काही लावायला आवडत नाही, तिला हाताने उघडायची वस्तू हवी. आजीचा पितळी पानाचा डबा आईकडे होता. वर ताटली, ताटलीत सुपारी-कात-लवंगेच्या वाट्या, आणि चुन्याच्या डबीसाठी गोल भोक. चुन्याची डबी फार पूर्वी हरवलेली. ते गोल भोक बघताच मला कळलं की स्पीकर कुठे बसणार. आजीच्या वस्तूला कुठेही छिद्र पाडायचं नाही, हा माझा नियम होता, आणि छिद्र तर आधीच होतं.

तापकीर गल्लीत जाऊन मेमरी कार्डावरून वाजणारी, अंगठ्याएवढी सर्किटची पट्टी आणली, वीज मिळाली की आपोआप सुरू होणारी. एक लहान स्पीकर, चार्ज होणारी बॅटरी, आणि फ्रीजचं दार उघडलं की आतला दिवा लावतं तसलं बटण. जोडणी काकांनी केली. डबा पितळेचा, म्हणजे आत कुठे तार टेकली तर बॅटरी तापणार, म्हणून तळाला आणि भिंतींना त्यांनी जाड पुठ्ठ्याचं अस्तर लावलं. बटण बिजागरीशी. झाकण उघडलं की आवाज सुरू, मिटलं की बंद. ताटलीत वाट्या परत ठेवल्या, त्यांत खरी सुपारी, खरी लवंग. लवंगेचा वास बसावा म्हणून डबा आठवडाभर तसाच मिटून ठेवला.

बारामतीला आत्याकडे समारंभ झाला. औक्षण, पंच्याहत्तर दिवे, जेवणं. आत्याला आयुष्यभर गंमत वाटत आलीय की माहेर माउलींच्या वाटेवर आणि घर तुकोबांच्या. सगळी पांगल्यावर, ती पलंगावर पाय लांब करून बसल्यावर, मी डबा तिच्या मांडीवर ठेवला. "आईचा डबा," ती म्हणाली आणि तिने झाकण उघडलं.

गाणं सुरू झालं. तिने माझ्याकडे पाहिलं. ओळखलं तिने, एकोणतीस वर्षांनी, पहिल्या चार सुरांत. काही बोलली नाही. मीही बोलले नाही, तिच्या हातावर हात ठेवला फक्त. गाणं विरत गेलं, पंखा आला, आणि आजी. आत्याने हात वर केला, जणू खोलीत दुसरं कोणी बोलत होतं त्यांना गप्प करायला. पुढचं गाणं लागलं. "हे ती... तेव्हाच?" मी म्हटलं, "हो आत्या. मी भरत होते तेव्हा."

बावीस मिनिटं आम्ही ती सगळी गाणी ऐकली. फट आली की ती डोळे मिटायची आणि पुढची ओळ स्वतः पुरी करायची, वर गाणं वाजत असताना अभंग संपवायची, पुढच्या फटीपर्यंत. मीही तिच्याबरोबर म्हणत होते. तिला ते माहीत नव्हतं, तिने म्हणता म्हणताच माझ्या पाठीवरून हात फिरवला.

शेवटची सात मिनिटं आली, जी मला सगळ्यात चांगली वाटत होती. आत्याच्या कपाळाला आठी पडली.

"ही आई नाही."

"आजीच आहे गं."

"आईच. पण बारीक येतोय आवाज. आणि पुढं पुढं आणखीनच बारीक होत चाललाय. आई अशी किरकिर म्हणायची नाही."

मी तिथेच लॅपटॉप उघडला. त्या सात मिनिटांत विजेची गुणगुण नव्हतीच. मी ते स्वच्छ ध्वनिमुद्रण समजून बसले होते. आत्याला विचारलं तर ती म्हणाली (आजोबांना ती दादा म्हणायची), "दादांनी भरलं त्या दिवशी लाईट नव्हती. कंदील लावून भरलं, पत्रात लिहिलं होतं त्यांनी." म्हणजे सेलवर. अर्धा तास भरता भरता सेल उतरत गेले, मोटर हळू होत गेली, आणि म्हणूनच वाजवताना आवाज चढत जाणारा. त्यात मी माझ्या गाण्यांचे चार टक्के तिथेही वाढवून ठेवले होते.

इथे पॉप गाणं नव्हतं, पेटीही नव्हती. आत्याचा कान होता. वाढवलेले चार टक्के आधी काढले. मग ऑडॅसिटीत वेगाची रेघ ओढता येते, सुरुवातीला इतका, शेवटी इतका. मी शेवटचं टोक अर्ध्या-अर्ध्या टक्क्याने खाली आणत गेले आणि दर वेळी तोच अभंग लावला. आत्या भिंतीला टेकून ऐकत होती. "अजून." पुन्हा. "अजून जरा." पुन्हा. "आता जाड झाला, मागं घे." बाहेर कोणीतरी मांडवाच्या खुर्च्या गोळा करत होतं, त्यांना तिने खिडकीतून जरा थांबा म्हणून सांगितलं. साडेअकरा वाजून गेले होते. मी पाव टक्का मागे घेतला आणि लावलं.

आत्या पुढे झुकली. सव्विसावा अभंग चालू होता. ध्रुपद आलं.

"हं," ती म्हणाली. "आता आली."